रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे



१ मे रोजी आपण कामगार संत योसेफ यांचा सण साजरा करतो. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला आणि त्यासाठी मुद्दाम कामगार दिनाचीच तारीख निवडली. नाझरेथच्या सुताराला त्यांनी जगभरच्या कष्टकऱ्यांसमोर आदर्श म्हणून ठेवले. दर वर्षी या निमित्ताने मी संत योसेफ यांच्याविषयी चार शब्द लिहितो. या वेळी मात्र मी अशा एका माणसाची ओळख करून देणार आहे, जो ख्रिस्ती नव्हता आणि ज्याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. पण आज रविवारी सकाळी मिस्सा आटोपून हे बुलेटिन तुमच्या हातात पडते आहे, त्यात त्या माणसाचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

त्यांची आठवण होण्याचे कारणही सांगतो. मागे एकदा आपल्या धर्मग्रामातील एक तरुण बऱ्याच महिन्यांनी चर्चबाहेर भेटला. चर्चचा रस्ता विसरलास काय रे, असे मी जरा खोचकपणेच विचारले. तो खाली मान घालून म्हणाला की रविवारी ड्युटी असते, सुट्टी बुधवारी मिळते, आणि काम जास्त असले तर तीही रद्द होते. शेजारी त्याची आई उभी होती. ती काही बोलली नाही. मी आत गेलो, पण तो प्रश्न मी कोणाला विचारायला हवा होता आणि कोणाला विचारला, हे मनातून जाईना. त्या दिवशी मी लोखंडे यांच्याविषयी पुन्हा वाचायला घेतले.

ठाण्याचा मुलगा

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. ते पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून आपल्या शेजारच्या कल्याणपर्यंत पोहोचली. आज आपण विठ्ठलवाडी स्टेशनवर ज्या लोकलची वाट पाहतो, त्या मार्गाची ही सुरुवात. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, मुंबईत कापडाच्या पहिल्या गिरणीची स्थापना झाली. म्हणजे रेल्वे, गिरणी आणि लोखंडे हे जवळजवळ बरोबरीनेच वाढले.

घरची परिस्थिती बेताची होती, तरी नारायण मॅट्रिकपर्यंत शिकले. त्या काळी मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या समाजातील मुलाला एवढे शिक्षण मिळणे ही मोठीच गोष्ट होती. पुढे त्यांनी काही काळ रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली. नंतर मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले.

ही स्टोअरकीपरची नोकरी नीट लक्षात घ्या. तुमच्यापैकी अनेकांनी कारखान्यात काम केले आहे, काही जण आजही करतात. स्टोअरकीपर मशीनवर उभा राहत नाही. त्याच्याकडे किल्ल्या असतात, वह्या असतात, मालाचा हिशेब असतो. त्याचा संबंध वरिष्ठांशी येतो. कामगार त्याला आपल्यातला मानत नाहीत आणि मालक त्याला आपला विश्वासू माणूस समजतो. आजच्या भाषेत बोलायचे तर लोखंडे मॅनेजमेंटच्या बाजूच्या टेबलावर बसले होते. पगार बरा होता आणि बसायला खुर्ची होती. खिडकीबाहेर काय चालले आहे तिकडे त्यांनी पाहिले नसते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

गिरणीतला दिवस

खिडकीबाहेर काय चालले होते? त्या वेळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा-चौदा तासांवर जाई. दुपारी जेवणासाठी ठरलेली सुट्टी नव्हती. पुरुषांबरोबर बायका आणि सात-आठ वर्षांची मुलेही राबत. हवेत कापसाचा तूस भरलेला असे. महिन्याचा पगार वेळेवर मिळत नसे. तो महिना-महिना मागे ठेवला जाई, म्हणजे माणूस नोकरी सोडून जाऊ शकत नसे. कामावर घेणे आणि काढून टाकणे जॉबरच्या हाती होते, आणि त्याचा हात ओला करावा लागे. यंत्रात हात सापडला तर कामगाराने घरी बसायचे, पगार बंद.

आणि आठवड्याची सुट्टी? ती नव्हतीच. काही सणांना गिरणी बंद राही, तेवढीच विश्रांती. रविवारी यंत्रे थांबवली तरी ती पुसायला आणि साफ करायला कामगारांनाच बोलावले जाई. सरकारी कचेऱ्या मात्र रविवारी बंद असत. साहेब लोक आपल्या कुटुंबासह चर्चला जात आणि त्याच वेळी गिरणगावात भोंगा वाजत असे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राज्यकर्त्यांच्या राज्यात प्रभूचा दिवस फक्त वरच्या लोकांसाठी होता. आपण ख्रिस्ती लोकांनी ही गोष्ट विसरू नये.

मालकांनी आपली संघटना १८७५ मध्येच बांधली होती. कामगारांच्या बाजूने बोलणारे मात्र कोणी नव्हते.

दीनबंधू

लोखंडे यांच्यावर महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा खोल ठसा होता. फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. स्वतः फुले पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. जगाचा निर्माता एक आहे, त्याला ते निर्मिक म्हणत, आणि सगळी माणसे त्याची सारखीच लेकरे आहेत, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. लोखंडे हा विचार घेऊन गिरणीत आले, आणि त्यांना गिरणीत जे दिसत होते ते या विचाराशी जुळत नव्हते.

सत्यशोधक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' नावाचे वृत्तपत्र सुरू केले होते. पैशांअभावी ते चालवणे अवघड झाले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणून आपल्या हाती घेतले. शेतकरी आणि कामगार यांची दुःखे मांडणारे वृत्तपत्र त्या काळी दुर्मिळ होते. लोखंडे यांनी या वृत्तपत्रातून गिरणीतल्या गोष्टी छापायला सुरुवात केली. कामाचे तास, दंड, थकलेले पगार, यंत्रात सापडून झालेले अपघात हे सारे ते लिहीत. त्यांच्या लिहिण्याला वजन होते, कारण गिरणीचा हिशेब त्यांनी आतून पाहिला होता.

१८८१ मध्ये हिंदुस्थानात कारखान्यांसाठी पहिला कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा ठरवली. मोठ्या माणसांसाठी त्यात तासांची मर्यादाही नव्हती आणि सुट्टीही नव्हती. या कायद्यामागे एक विचित्र कारणही होते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको होती. इथल्या गिरण्यांवर बंधने आली तर त्यांना ती हवीच होती. म्हणून आपल्याकडची बरीच वृत्तपत्रे अशा कायद्याच्या विरोधात होती. देशी उद्योग वाचवायचा असेल तर कामगार कायदा नको, असे त्यांना वाटे. लोखंडे यांची भूमिका निराळी होती. लँकेशायरचा हेतू काहीही असो, सात वर्षांचे मूल यंत्राखाली झोपी जाते हे खरे आहे की नाही, एवढेच त्यांना महत्त्वाचे वाटे. देशाचा उद्योग वाढावा, पण तो मुलांच्या आणि बायकांच्या अंगावरून चालत जाऊन वाढू नये, हा त्यांचा आग्रह होता.

साडेपाच हजार कामगार

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांची पाहणी करण्यासाठी एक आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार, अधिकारी बोलणार, डॉक्टर बोलणार. कामगारांचे कोण बोलणार? सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली. तिथे एक अर्ज तयार झाला आणि त्यावर ५,५०० कामगारांची नावे आली. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते.

त्या अर्जातल्या मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा. कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अधू झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. गिरणी आमची करा किंवा नफा वाटून द्या, असे त्यांनी म्हटले नाही. माणूस म्हणून जगता यावे, एवढेच मागितले. याच सभांतून मुंबईतील गिरणी कामगारांची संघटना, म्हणजे बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन, उभी राहिली. लोखंडे तिचे अध्यक्ष होते. म्हणूनच त्यांना भारतातील कामगार चळवळीचे जनक मानले जाते.

सुट्टीसाठी रविवारच का, याविषयी एक गोष्ट आजही सांगितली जाते. घाटावरून आलेल्या बहुसंख्य कामगारांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आणि खंडोबाचा वार रविवार. तेव्हा देवाच्या दिवशी कामगाराला मोकळीक हवी, असे लोखंडे यांचे म्हणणे होते असे सांगतात. आपल्याला हे ऐकून गंमत वाटेल. आपण प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळतो आणि तो दिवस इथल्या गिरणी कामगाराला मिळाला, त्यात खंडोबाच्या भक्तांचाही हात आहे. मला यात देवाची योजना दिसते. विसाव्याची ओढ त्याने सगळ्यांच्याच मनात घातली आहे.

१० जून १८९०

त्या आयोगाच्या कामातून कामगारांच्या हाती काही आले नाही. एखादा असता तर निराश होऊन गप्प बसला असता. लोखंडे यांनी १८८९ मध्ये पुन्हा सरकारकडे अर्ज केला. मग २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीजवळ कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे १०,००० कामगार जमले होते. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. १८९० साली, दहा हजारांच्या जमावापुढे, गिरणीत काम करणाऱ्या दोन बायका! आपल्या धर्मग्रामाच्या सभेत आजही भगिनींना बोलण्याचा किती आग्रह करावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

या सभेत साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज मंजूर झाला आणि तो गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला. मालकांनी विचार केला आणि १० जून १८९० रोजी आठवड्याची सुट्टी मान्य केली. सहा वर्षे चाललेल्या सभा, अर्ज आणि लेख यांचे हे फळ होते.

त्याच वर्षी सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आणखी एक आयोग नेमला. त्यात मुंबईतील कामगारांच्या वतीने लोखंडे यांनाही बसवण्यात आले. सहा वर्षांपूर्वी बाहेर अर्ज घेऊन उभा असलेला माणूस आता आत बसून प्रश्न विचारत होता. १८९१ मध्ये नवा कायदा झाला आणि तो १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा ठरली. दुपारचा अर्धा तास आणि आठवड्याची एक सुट्टी कायद्यात आली.

आता दूरच्या रोमकडे पाहा. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्र जगासमोर ठेवले. सेमिनरीत आम्ही त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. कामगारांना संघटना करण्याचा नैसर्गिक हक्क आहे, मजुरी माणसाला कुटुंबासह नीट जगता येईल एवढी असावी, रविवारची विश्रांती हा देवाने दिलेला हक्क आहे, असे त्यात सांगितले आहे. कामगारांनी मालकाच्या मालमत्तेची नासधूस करू नये आणि हिंसेचा मार्ग धरू नये, हेही त्यात आहे. भांडवल आणि श्रम यांना एकमेकांवाचून चालत नाही, हा त्याचा पाया आहे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेही याच परिपत्राची आठवण ठेवून. लोखंडे यांनी ते परिपत्र वाचले असण्याचे कारण नाही आणि पोपमहोदयांनी परळची सुपारीबाग पाहिली नव्हती. पण एकाच काळात दोन टोकांना दोघे एकच गोष्ट सांगत होते.

सगळ्यांचा माणूस

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते थांबले नाही. त्या काळी विधवांचे केशवपन करण्याची क्रूर चाल होती. १८९० मध्ये लोखंडे यांनी मुंबईतील न्हाव्यांची सभा भरवली आणि हे काम आपण करणार नाही, असे त्यांच्याकडून ठरवून घेतले. हाती वस्तरा असलेल्या माणसालाच त्यांनी विचार करायला लावले. अन्याय नेहमी कोणाच्या तरी हातून होत असतो. तो हात थांबला की अन्यायही थांबतो, हे त्यांना कळले होते.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू आणि मुसलमान यांच्यात मोठी दंगल झाली. गिरण्यांत दोन्ही समाजांचे लोक एकाच छपराखाली काम करत. लोखंडे यांनी राणीच्या बागेत एकोप्यासाठी मेळावा घेतला. सरकारने १८९५ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. ज्या सरकारकडे त्यांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, त्याच सरकारने त्यांचा मान केला. त्यांनी तक्रारी कधी द्वेषाने केल्या नव्हत्या, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला. पहिले रुग्ण आढळले ते मांडवीत, म्हणजे जिथल्या गिरणीत लोखंडे यांनी नोकरी केली होती त्याच भागात. हा प्लेगच आहे हे ओळखणारे डॉक्टर होते आपले गोव्याचे कॅथलिक बांधव, डॉ. आकासियो व्हिएगस. लाखो लोक मुंबई सोडून पळाले. लोखंडे राहिले. गिरणगावातल्या आजारी लोकांसाठी ते धडपडत राहिले आणि त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८-४९ वर्षांचे. त्यानंतर एकाच महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता पुण्यात सावित्रीबाई फुले यांनीही प्राण सोडला. मित्रांसाठी प्राण देण्याविषयी प्रभू येशूने जे सांगितले, ते या दोघांच्या बाबतीत अक्षरशः घडले.

भारत सरकारने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परळ येथील राज्य सरकारच्या कामगार शिक्षण संस्थेला त्यांचे नाव आहे.

जे टिकले आणि जे टिकले नाही

मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लोखंडे यांच्या संघटनेला वर्गणी नव्हती, लेखी नियम नव्हते, सभासदांची यादी नव्हती. सारा भार एकट्या लोखंडे यांच्यावर होता. ते गेले आणि संघटनाही विरून गेली. कामगारांच्या युनियनला कायद्याने मान्यता मिळायला १९२६ साल उजाडावे लागले. जे काम एका माणसाच्या खांद्यावर असते, ते त्या माणसाबरोबर जाते. आपल्या धर्मग्रामातील संघटनांनीही हे ध्यानात घ्यावे.

पण त्यांनी मिळवलेली सुट्टी टिकली. ती का टिकली? मला वाटते, ती दोन्ही बाजूंनी मान्य केलेली होती म्हणून. मालकांनी ती ठराव करून दिली, कामगारांनी ती अर्ज करून घेतली. कोणी हरले नाही. पुढच्या काळात हे प्रत्येक वेळी जमले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. कायद्याने ज्या युनियनला बोलण्याचा हक्क होता तिच्यावर कामगारांचा विश्वास नव्हता, आणि ज्या नेत्यावर विश्वास होता त्याच्याशी बोलायला मालक आणि सरकार तयार नव्हते. तो संप कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही. हजारो घरांतल्या चुली विझल्या. गिरणगाव सोडून अनेक कुटुंबे कल्याणच्या पुढे आपल्या भागात येऊन राहिली, आणि आपल्या धर्मग्रामातील काही वडीलधाऱ्यांना ते दिवस अजून आठवतात. चूक कोणाची, यावर अजून वाद होतात. मी तो वाद इथे घालणार नाही. एवढेच म्हणेन की माणसे एकमेकांशी बोलायची थांबली, की पहिला फटका त्याला बसतो ज्याच्या घरात दुसऱ्या महिन्याचे धान्य नसते.

आपला भागही कारखान्यांचा आहे. शहाड, अंबरनाथ आणि बदलापूर येथे पिढ्यान् पिढ्या लोक कारखान्यांत राबले आहेत. उल्हासनगरच्या गल्ल्यांतून शिलाई मशिनचा आवाज रात्रीपर्यंत येतो. एकाच मिस्साला एका बाकावर युनियनचा कार्यकर्ता बसतो आणि त्याच्या मागच्या बाकावर सुपरवायझर. शांतीचे चिन्ह देताना ते एकमेकांचा हात हातात घेतात. सोमवारी गेटच्या आत ते एकमेकांचे कोण असतात? लोखंडे यांचे चरित्र मला हाच प्रश्न विचारते. कारण ते स्वतः सुपरवायझरच्या बाकावरून उठून कामगारांच्या बाकावर जाऊन बसले, आणि तरीही मालकांशी बोलत राहिले.

तत्त्वज्ञानात आम्हाला एक साधा भेद शिकवला होता. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. वस्तू वापरायची असते, माणूस नुसता वापरायचा नसतो. शब्बाथाच्या आज्ञेत हाच भेद आहे. अनुवादाच्या पुस्तकात ही आज्ञा देताना देव फक्त घरच्या लोकांचे नाव घेत नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि दारी आलेला परका यांनाही विसावा द्यायला तो सांगतो. कारण काय, तर तुम्हीही एकदा मिसर देशात गुलाम होता. म्हणजे रविवार हा आपण घ्यायचा दिवस आहे, तसा तो दुसऱ्याला द्यायचाही दिवस आहे.

आपला रविवार

हे लिहिताना मी आधी स्वतःच्या घराकडे पाहिले. धर्मगुरूच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या ताईंचे रविवारी सर्वांत जास्त काम असते, कारण पाहुणे रविवारीच येतात. चर्चची झाडलोट करणारे दादा शनिवारी रात्री उशिरा जातात आणि रविवारी पहाटे पुन्हा हजर होतात. दोघांनाही आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सांगून घ्या, असे आम्ही म्हणत होतो, आणि ते कधी सांगत नव्हते. लोखंडे यांच्या काळातले मालकही काही वेगळे बोलत नसावेत. आता दोघांसाठी आठवड्याचा एक दिवस ठरवून दिला आहे. त्या दिवशी धर्मगुरू स्वतः चहा करतील, आणि तो कसा होतो हे पाहायला येणाऱ्यांचे स्वागत आहे.

तुम्हालाही माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी भांडी घासायला येणारी बाई असेल, दुकानात मदतनीस असेल, चार मशिनांवर काम करणारी चार मुले असतील, तर त्यांचा सुट्टीचा दिवस कोणता, हे या आठवड्यात ठरवा. पगार कोणत्या तारखेला, तेही ठरवा. जे युनियनमध्ये आहेत त्यांनी आपल्या मागणीत कंत्राटावरच्या मुलांचे नाव घातले आहे का, ते पाहावे. जे वरिष्ठ आहेत त्यांनी ड्युटीचा तक्ता लावताना कोणाचा रविवार सतत जातो, ते तपासावे. आणि ज्यांना रविवारी सुट्टी नाहीच, त्यांनी संकोच न करता शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला यावे. ती मिस्सा रविवारचीच असते. यापुढे चर्चचा रस्ता विसरलात काय, असे मी विचारणार नाही.

त्या तरुणाला मी निरोप पाठवला आहे. परवाच्या शनिवारी तो आईबरोबर आला होता. कामाचे कपडे अंगावर होते आणि तो शेवटच्या बाकावर बसला होता. त्याच्यासाठी, त्याच्या मालकासाठी आणि त्याच्यासारख्या सर्वांसाठी, कामगार संत योसेफ यांच्या मध्यस्थीने या आठवड्यात प्रार्थना करू या.

प्रभूची शांती तुम्हा सर्वांबरोबर असो.

आपले धर्मगुरू